इंग्लंडमध्ये ट्रेनी सॉलिसिटर व्हायचंय, वय ४६. अर्ज नक्की कुठे करावेत?

मेधा_रेडिंग
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मूळची सांगलीची, बी.फार्म. आणि एम.फार्म. पुण्यात. लग्नानंतर रेडिंगला आले आणि तेव्हापासून औषध कंपन्यांच्या रेग्युलेटरी विभागात काम करते. नव्या औषधाची फाइल एमएचआरएकडे, म्हणजे इथल्या औषध नियामकाकडे, सादर करायची, त्यांनी काढलेल्या शंकांना मुदतीत उत्तरं द्यायची, वेष्टनावरच्या एकेका शब्दावरून वाद घालून तो मंजूर करून घ्यायचा, असं काम. हे करता करताच कायद्याची गोडी लागली. नोकरी सांभाळून पार्टटाइम पीजीडीएल, म्हणजे कायद्याचा पदव्युत्तर डिप्लोमा केला, मग एसक्यूई या सॉलिसिटर होण्याच्या परीक्षेचा पहिला भाग, एसक्यूई१, पास झाले. आता राहिली एसक्यूई२ आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव.

घोडं अडलंय ते अनुभवापाशी. मोठ्या लॉ फर्म्सच्या ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचे (दोन वर्षं पगारावर ठेवून शिकवण्याचा करार) अर्ज भरतेय आणि एकामागून एक नकार येतायत, तेही बहुतेक संगणकाने लिहिलेले. एका फॉर्मवर बारावीचे विषयवार गुण सक्तीचे होते आणि उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाची यादी २००५ च्या मागे जायलाच तयार नाही. मी १९९७ ची. दुसऱ्या फॉर्मवर प्रश्न होता की विद्यापीठात असताना कुठल्या सोसायटीत पद सांभाळलंत. हाउसिंग सोसायटी चालेल का, असं लिहायचा मोह झाला होता.

प्रश्न असे: वयामुळे खरंच डावलतात का, की माझंच अर्ज करण्याचं तंत्र चुकतंय? जुना अनुभव सीव्हीत किती दाखवावा? आणि चाळिशीनंतर हे केलेलं कोणी इथे आहे का? व्हिसाचा प्रश्न नाही, पासपोर्ट इथलाच आहे.

भरीत_भाकरी
सांगलीची माणसं चिवट असतात. व्हाल तुम्ही. तज्ज्ञ मंडळी येईपर्यंत पुढच्या रांगेत रुमाल टाकून ठेवतो.

लीड्सचा_नाना
मेधाताई, मी केलंय. आयटीत होतो, ४९ व्या वर्षी सॉलिसिटरांच्या रोलवर, म्हणजे नोंदवहीत, नाव लागलं. आज लीड्सजवळच्या एका छोट्या फर्ममध्ये मालमत्ता आणि मृत्युपत्रांचं काम करतो. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

तुमचा अर्ज वाईट असेल असं मला वाटत नाही. तुम्ही रांग चुकीची धरली आहे. लंडनच्या मोठ्या सिटी फर्मची भरती कॉलेजातून निघालेल्या पोरांसाठी बांधलेली असते. दोन वर्षं आधी जागा भरायच्या, त्याआधी सुट्टीत दोन-तीन आठवड्यांच्या व्हेकेशन स्कीमला बोलावून पारखायचं, वॉटसन-ग्लेझरसारखी तर्काची चाचणी घ्यायची, मग दिवसभराचं असेसमेंट सेंटर. त्या यंत्रात शेहेचाळिशीचं माणूस कुठून घालायचं हे यंत्र चालवणाऱ्यांनाही माहीत नसतं. द्वेष कोणी करत नाही, पण फॉर्मला तुमच्यासाठी रकानाच नसतो. तुमची २००५ ची यादी हेच सांगते.

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टशिवाय गत्यंतर नाही ही परिस्थिती १ सप्टेंबर २०२१ ला एसक्यूई आली तेव्हाच संपली. आता नियामक, म्हणजे एसआरए, मागते ती दोन वर्षांची ‘क्यूडब्ल्यूई’, म्हणजे पात्रतेसाठी धरला जाणारा कामाचा अनुभव, पूर्णवेळ किंवा त्या हिशेबाने पार्टटाइम. ती जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून भरली तरी चालते. पॅरालीगल, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालचा मदतनीस म्हणून, विद्यापीठाच्या लॉ क्लिनिकमध्ये, लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये, कंपनीच्या विधी विभागात. पगारी हवी असंही नाही. परीक्षेआधी केलेली चालते, नंतरची चालते, जुनी झाली म्हणून बाद होत नाही. कोणीतरी सॉलिसिटरने किंवा फर्मच्या कंप्लायन्स अधिकाऱ्याने सहीनिशी सांगायचं की एवढा काळ या व्यक्तीने खरं कायद्याचं काम केलं आणि तिला नेमून दिलेल्या कौशल्यांपैकी किमान दोन शिकण्याची संधी मिळाली. तुम्ही हुशार आहात की नाही हे त्यात सांगायचं नसतं, ते परीक्षेवर सोडलंय.

म्हणून माझं मत: मोठ्या फर्म्सचे फॉर्म बंद करा. औषध आणि बायोटेक कंपन्यांचं काम करणाऱ्या मध्यम फर्म्स शोधा. तुम्ही रेडिंगला आहात, ऑक्सफर्ड हाकेच्या अंतरावर, केंब्रिजही फार लांब नाही. तिथे एमएचआरएची भाषा कळणारी बाई पॅरालीगल म्हणून आली तर पार्टनर तुम्हाला चहा पाजेल.

पॅरालीगल_प्राची
नानांशी अर्धं सहमत, अर्धं नाही. ‘पॅरालीगल म्हणून शिरा, मग बघू’ हा सल्ला सगळे देतात. ‘मग बघू’मध्ये माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली वर्षानुवर्षं अडकल्यात. फर्मला चांगली पॅरालीगल हवीच असते, ती सॉलिसिटर झाली की पगार वाढवावा लागतो. एसक्यूई पास, क्यूडब्ल्यूई भरलेली, तरीही त्याच खुर्चीवर, कारण फर्म म्हणते की नव्या सॉलिसिटरची जागा नाही.

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवाल्याला सहा-सहा महिन्यांच्या चार सीट्स मिळतात, चार प्रकारचं काम दिसतं, आणि शेवटी जागा देण्याची निदान चर्चा तरी होते. पॅरालीगल दोन वर्षं एकाच प्रकारच्या फाइली बांधते. म्हणून मेधाताई, शिरायचंच असेल तर शिरतानाच विचारा: माझी क्यूडब्ल्यूई तुम्ही सही कराल का, कोण करेल, आणि मागच्या दोन-तीन वर्षांत तुमच्या किती पॅरालीगल इथेच सॉलिसिटर झाल्या. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा छताकडे पाहू लागला तर नमस्कार करून निघा.

लीड्सचा_नाना
प्राचीचं बरोबर आहे. तिसरा प्रश्न सोन्यासारखा. मी विचारला नव्हता, माझं नशीब जोरावर होतं.

अनुस्वार
वयाच्या प्रश्नाबद्दल. मी नोकरीविषयक कायद्यात काम करतो. हा सल्ला नाही, चर्चा आहे.

इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० या भेदभावविरोधी कायद्यात वय हा संरक्षित घटक आहे. पण त्याची एक खोच आहे. लिंग किंवा वंशावरून थेट भेदभाव केला तर मालकाला समर्थन करायची सोय जवळपास नाही. वयाच्या बाबतीत मात्र थेट भेदभावाचंही समर्थन करता येतं, जर हेतू रास्त असेल आणि मार्ग प्रमाणात असेल. २०१२ सालच्या दोन निकालांनी हे समजतं, आणि गंमत अशी की दोन्ही आपल्याच धंद्याच्या आसपासचे आहेत.

पहिला सेल्डनचा. हे गृहस्थ सॉलिसिटर फर्मचे पार्टनर होते, करारानुसार त्यांना ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावं लागलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तरुणांना वर यायला वाव देणं हा रास्त हेतू असू शकतो. दुसरा होमर यांचा, मेधाताईंनी हा आवर्जून वाचावा. होमर हे निवृत्त पोलीस अधिकारी. पोलिसांसाठी कायद्याचा डेटाबेस चालवणाऱ्या विभागात १९९५ पासून कायदेविषयक सल्लागार होते. रुजू झाले तेव्हा पदवी नसली तरी अनुभवावर चालत होतं. पुढे वरच्या वेतनश्रेणीसाठी कायद्याची पदवी सक्तीची केली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली, निवृत्ती ६५ ला. पार्टटाइम पदवी पूर्ण व्हायच्या आत ते निवृत्त झाले असते. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की वरून सगळ्यांना सारखी दिसणारी ही अट त्या वयाच्या माणसाला अप्रत्यक्षपणे मारक आहे. समर्थन होतं की नाही हे तपासायला प्रकरण खाली पाठवलं.

तुमच्या फॉर्ममध्ये २००५ च्या आधीचं वर्ष निवडताच येत नाही, हे त्याच जातीचं आहे. दावा ठोका असं म्हणत नाही. फर्मच्या भरती विभागाला दोन ओळींची सभ्य मेल टाका की फॉर्म भरता येत नाही, काय करू. बहुतेक वेळा ‘गुणपत्रिका मेलवर पाठवा’ असं उत्तर येतं आणि तुमचा अर्ज एका माणसाच्या डोळ्यांखालून जातो. ते जास्त मोलाचं.

गिरगावकर_वकील
इकडून थोडी भर. आपल्याकडेही बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम होता की ४५ वर्षांपुढच्या माणसाला सनद द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो रद्द केला. त्यामुळे बँकेतून, मंत्रालयातून निवृत्त होऊन काळा कोट घालणारे आज सगळ्या कोर्टांत दिसतात, आणि काही जण तरण्याबांड वकिलांना घाम फोडतात.

मुंबईत ‘सॉलिसिटर’ ही वेगळी पदवी अजून जिवंत आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि तीन वर्षं एखाद्या सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप. फोर्टातल्या जुन्या फर्म्समध्ये आर्टिकल क्लार्कला जे करावं लागतं ते वयाच्या ४६ व्या वर्षी करायची तयारी असेल तर ताई, तुम्हाला माझा दंडवत.

सुप्रिया_पुणे
वकीलसाहेब आणि नाना, एक उपप्रश्न. मी पुण्यात दहा वर्षं वकिली करते, सनद आहे, वय ४१. मला तिकडे जायचं तर हेच सगळं करावं लागेल?

लीड्सचा_नाना
सुप्रियाताई, तुमचं प्रकरण वेगळं. सनदधारक भारतीय वकिलाला एसआरए ‘क्वालिफाइड लॉयर’ धरते, म्हणून दोन वर्षांच्या क्यूडब्ल्यूईची अट नाही. एसक्यूई२ मधून सूट मागता येते, पण ती मागावी लागते आणि आपोआप मिळत नाही. एसक्यूई१ भारतातल्या केंद्रावरही देता येते. १८०-१८० प्रश्नांचे दोन पेपर, वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक दिवशी सकाळी ९० आणि दुपारी ९०. साधारण निम्मेच पास होतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत उरकू असं समजू नका.

खरी अडचण व्हिसाची. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नवशिक्यांना सवलतीचा ३३,४०० चा आकडा आहे. लंडनबाहेरची छोटी फर्म ट्रेनीला तेवढंही देत नाही. त्यामुळे व्हिसा लागणाऱ्या माणसाला नाइलाजाने मोठ्याच फर्म्सकडे बघावं लागतं. मेधाताईंना मी ‘मोठ्यांचा नाद सोडा’ म्हणू शकतो, तुम्हाला नाही.

डब्लिनकर
धागा इंग्लंडचा आहे, पण आयर्लंडमध्ये असणाऱ्यांसाठी: इथे अजून जुनीच पद्धत. एफई-१ या प्रवेश परीक्षेचे आठ पेपर, मग दोन वर्षांसाठी घेणारा सॉलिसिटर स्वतःच शोधायचा. तो मिळाला नाही तर आठ पेपरांचं लोणचं घाला. इंग्लंडवाले नशीबवान.

मेधा_रेडिंग
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी करिअर सल्लागारानेही सांगितलं नव्हतं. एक शंका. अ‍ॅप्रेंटिसशिपबद्दल ऐकलंय, काम करत सॉलिसिटर व्हायचं आणि शिकण्याचा खर्च सरकार देतं. तिथे वयाची अट नाही म्हणतात?

पॅरालीगल_प्राची
नव्हती. आता आहे, निदान पैशांपुरती. सॉलिसिटर अ‍ॅप्रेंटिसशिप ही लेव्हल ७ ची, म्हणजे मास्टर्सच्या पातळीची, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्या पातळीच्या नव्या अ‍ॅप्रेंटिसशिपला सरकारी निधी फक्त १६ ते २१ वयाच्यांना मिळतो, काही अपवाद वगळता. फर्म स्वतःच्या खिशातून घालू शकते, पण घालेल का? आमच्याकडे एक चाळिशीच्या बाई यंदा सुरू करणार होत्या, त्यांचं बारगळलं. हा खरा वयाचा फटका. याबद्दल मंडळात, धाग्यांवर, कुठेच कोणी बोलत नाही आणि सगळे सिटी फर्म्सना शिव्या घालत बसतात.

रोखठोक_देशपांडे
मी जरा कडू बोलतो. रेग्युलेटरीत वीसेक वर्षं काढलेल्या बाईंचा पगार चांगला असणार. पॅरालीगल म्हणजे किमान वेतनाच्या जरा वर. एसक्यूईच्या दोन्ही परीक्षांची फीच पाच हजार पौंडांच्या घरात, तयारीचा क्लास वेगळा. नवीन सॉलिसिटर होईपर्यंत पन्नाशी. मग किती वर्षं राहिली? घरचं कर्ज, मुलांची कॉलेजं, पेन्शन. हौस म्हणून ठीक. गणित म्हणून मला बसत नाही.

मेधा_रेडिंग
देशपांडेसाहेब, रोखठोकच बोलता, राग नाही. घरी हेच गणित मांडलं गेलंय, नवऱ्याच्या एक्सेलमध्ये माझ्या नावाचा वेगळा रकाना आहे. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, घराचं कर्ज बरंचसं फिटलंय. पगार निम्म्यावर आला तर वर्ष-दोन वर्षं ओढता येईल, चार वर्षं नाही. म्हणूनच प्राचीचा तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटला.

लीड्सचा_नाना
देशपांडे, माझंही गणित बसत नव्हतं. मृत्युपत्रांच्या कामात मात्र पांढरे केस हा भांडवलाचा भाग असतो. ऐंशीच्या आजी मला विचारतात ‘मुलं किती?’, पंचविशीच्या पोराला त्या स्वतःच्या मुलांबद्दल सांगत नाहीत.

कर्जाबद्दल एक. एसक्यूईची तयारी एलएलएम, म्हणजे कायद्यातल्या मास्टर्सच्या स्वरूपात केली तर इंग्लंडमध्ये पोस्टग्रॅज्युएट लोन मिळतं, वय ६० च्या आत असलं की झालं. पण आधीच मास्टर्स असेल तर मिळत नाही. तुमचं एम.फार्म. इथे आड येईल, मेधाताई. भारतातलं आहे म्हणून मोजत नाहीत असं समजू नका.

अनुस्वार
सीव्हीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. ‘वय लपवा, जुन्या तारखा काढून टाका’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. तारखा काढून काय होणार, लिंक्डइन आहेच. लपवण्यापेक्षा निवडा.

मेधाताईंनी व्यनित पाठवलेल्या सीव्हीची पहिली ओळ त्यांच्या परवानगीने देतो: ‘औषध उद्योगात प्रदीर्घ अनुभव असलेली परिणामाभिमुख व्यावसायिक, आता कायद्याच्या क्षेत्रात नव्या आव्हानांच्या शोधात.’ यातून काहीही कळत नाही, आणि ‘शोधात’ हा शब्द केविलवाणा आहे. मी सुचवलेली: ‘एसक्यूई१ उत्तीर्ण. नियामकाच्या लेखी हरकतींना ठरलेल्या मुदतीत, पुराव्यासह, कायद्याच्या चौकटीत उत्तरं देण्याचं काम रोज करते.’ हे वाचताना लिटिगेशनवाल्याला, म्हणजे कोर्टातले दावे लढवणाऱ्याला, आपलं काम दिसतं. त्याखाली एका फाइलची गोष्ट, चार ओळीत: काय हरकत होती, कुठला नियम, तुम्ही काय मांडलं, काय झालं. कंपनीचं गुपित फुटणार नाही इतपत. त्याआधीची नोकरी एका ओळीत. बारावी अगदी तळाशी. ‘टीममध्ये काम केल्याचा प्रसंग सांगा’ या प्रश्नाला कॉलेजच्या गॅदरिंगचं उत्तर देऊ नका, ही कळकळीची विनंती.

खानदेशी_केळं
मुलाखतीत ‘बाकीचे ट्रेनी तुमच्यापेक्षा बरेच लहान असतील, चालेल ना?’ असं विचारतात म्हणे. काय सांगायचं?

लीड्सचा_नाना
विचारतात, आडून आडून. त्या प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात. सत्तावीस वर्षांच्या असोसिएटने काम परत पाठवलं तर तोंड वाकडं करणार का? कोर्टाच्या बंडलला, म्हणजे कागदपत्रांच्या गठ्ठ्याला, पान क्रमांक घालायचं, झेरॉक्स काढायचं काम कमीपणाचं वाटेल का? आणि आम्ही शिकवल्यावर किती वर्षं टिकणार? ‘मला तरुणांबरोबर काम करायला आवडतं’ या उत्तराने यातलं एकही सुटत नाही. माझ्या मुलाखतीत मी मागच्या नोकरीतल्या माझ्याहून लहान बॉसची गोष्ट सांगितली, त्याने माझा कोड कसा तीनदा परत पाठवला आणि तिसऱ्यांदा त्याचं कसं बरोबर होतं. पार्टनरबाई हसल्या. तिथून पुढे वयाचा विषय निघाला नाही.

बंडलचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात मी दुसरं काही केलंच नाही. पानं क्रमाने, अनुक्रमणिका, ईमेलच्या साखळीतल्या दुबार प्रती काढायच्या. एक पान उलटसुलट झालं तर न्यायाधीशांसमोर आपला बॅरिस्टर तोंडघशी पडतो. हे काम हलकं समजणाऱ्याने या धंद्यात येऊ नये, वय काहीही असो.

पॅरालीगल_प्राची
मेधाताई, मला एक विचारायचंय. तुमच्या कंपनीत विधी विभाग आहे ना? त्यात इंग्लंडचे सॉलिसिटर आहेत का, आणि त्यांच्याबरोबर तुम्ही काही करता का?

मेधा_रेडिंग
आहेत, दोघं. पुरवठादारांच्या करारातली रेग्युलेटरी कलमं पहिला मसुदा म्हणून माझ्याकडेच येतात. मी लिहिते, ते तपासतात, लाल शाईने भरून परत देतात. जाहिरातींवर तक्रार आली की उत्तराचा मसुदाही मीच करते. हे अनुभवात धरतील?

अनुस्वार
सगळं नाही धरणार. रेग्युलेटरी फाइल सादर करणं हे तुमच्या विभागाचं काम, कायदेशीर सेवा नव्हे. पण कराराच्या कलमांचा मसुदा आणि तक्रारीचं उत्तर सॉलिसिटरच्या देखरेखीखाली केलं असेल, तर तेवढ्या भागाबद्दल त्यांच्याशी बोलायला जागा आहे. सही करणाऱ्याला तुमचं काम प्रत्यक्ष माहीत असलं पाहिजे. आठवड्यातले किती तास, हे प्रामाणिकपणे काढा. फुगवलेला आकडा पुढे चारित्र्य आणि पात्रतेच्या तपासणीत अंगाशी येईल, तेव्हा सॉलिसिटर होण्याचाच प्रश्न येईल.

भरीत_भाकरी
म्हणजे ताई इतके दिवस बाहेर अर्ज करत होत्या आणि अनुभव दोन टेबलं पलीकडे बसला होता? वाचनखूण साठवली.

मेधा_रेडिंग
सोमवारी दोघांपैकी सीनियर बाईंशी बोलते. आठवड्यातले दोन दिवस विधी विभागात बदली मिळते का हेही विचारेन, पगार आहे तोच राहिला तर घरच्या एक्सेललाही आनंद होईल. पण अशा दोन दिवसांनी दोन वर्षांचा हिशेब भरायला पाच वर्षं लागतील ना?

लीड्सचा_नाना
त्या हिशेबाने पाच, बरोबर. जुने तास थोडेफार मान्य झाले तर कमी. म्हणून ते आणि बाहेरचे मध्यम फर्म्सचे अर्ज, दोन्ही चालू ठेवा. चार ठिकाणांची मुभा आहे, कंपनी एक धरा, फर्म दुसरी.

पॅरालीगल_प्राची
आणि आजपासून वही ठेवा. तारीख, काम काय, कोणी तपासलं, कुठलं कौशल्य. नमुना एसआरएच्या साइटवर आहे. सही करणारी बाई उद्या नोकरी सोडून गेली तर वर्षाचं काम हवेत जातं, म्हणून दर तीन महिन्यांनी तिला दाखवून मेलवर ‘पाहिलं’ एवढं तरी लिहून घ्या. एसक्यूईची सहा वर्षांची मुदत तुमच्या एसक्यूई१ पासून सुरू झालेली आहे आणि प्रत्येक परीक्षेला तीनच संधी, तेव्हा एसक्यूई२ अनुभवासाठी थांबवू नका. तोंडी भाग मोजक्याच शहरांत होतो, जागा निघाली की नोंदवून टाका.